सूर्य मावळायच्या आत

‘पोरगं ऐकत नाही’ असं मराठीत म्हटलं की त्याला कानाच्या डॉक्टरकडे न्या, असं कोणी सुचवत नाही. पोराला ऐकू येतं, पण ते सांगितलेलं करत नाही, हे सगळ्यांना कळतं. ‘आईचं ऐकावं’, ‘एवढं माझं ऐक’, ‘तो कोणाचंच ऐकत नाही’. ऐकणं आणि करणं यांच्यामध्ये आपल्या भाषेनं भिंत घातलेलीच नाही. बायबलच्या जुन्या कराराची इब्री (हिब्रू) भाषाही तशीच आहे. तिथं ‘शमा’ हा एकच धातू दोन्ही कामं करतो. त्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात इस्राएलाला ‘ऐक’ म्हणून हाक मारणारी ओवी आहे. यहुदी भाविक ती आजही सकाळ-संध्याकाळ म्हणतात आणि ती याच धातूनं सुरू होते. वचन ऐकलं पण पाळलं नाही, हे म्हणणं त्या भाषेला जड जातं. पाळलं नाही म्हणजे ऐकलंच नाही.

नाशिकमध्ये हा विषय बोलायला एका अर्थी सोपा आहे. वडिलांच्या शब्दाखातर राज्य सोडून 14 वर्षं वनवास पत्करणं म्हणजे काय, हे पंचवटीच्या गावात शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. आज्ञा पाळायला छाती लागते, हे इथं वेगळं पटवावं लागत नाही. ख्रिस्ती माणूस याच गावात राहतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे गेथशेमाने बाग असते. तिथं येशूनं एकाच रात्रीत तीनदा प्रार्थना केली. दुःखाचा प्याला टळावा असं त्याला वाटत होतं, ते त्यानं लपवलं नाही, आणि तरी इच्छा पित्याचीच होऊ दिली. मनातून वाटत नसतानाही आज्ञा पाळता येते, आणि ते ढोंग नसतं, एवढं त्या रात्रीवरून कळतं.

आपली अडचण वेगळीच आहे. आज्ञापालन म्हटलं की आपल्याला मुलाचं अर्पण करायला मोरियाच्या डोंगराकडे निघालेला अब्राहाम आठवतो, सिंहांच्या गुहेतला दानीएल आठवतो. त्या मोठ्या प्रसंगांपुढे रोजच्या आज्ञा लहान दिसतात, आणि लहान दिसणारी गोष्ट उद्यावर जाते. शास्त्र मात्र उद्याला फारशी जागा ठेवत नाही. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, असं अनुवादाचा 24वा अध्याय सांगतो. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं असेल तर ते सूर्यास्तापूर्वी परत करा, तो कशावर निजेल, असं निर्गमाचा 22वा अध्याय विचारतो. इफिसकरांच्या पत्रात रागालाही तीच मुदत आहे, सूर्य मावळेपर्यंत. अब्राहामाच्या त्या मोठ्या गोष्टीतही डोंगर गाठायच्या आधी एक बारीक ओळ येते. तो मोठ्या पहाटे उठला आणि त्यानं गाढवावर खोगीर घातलं. आज्ञा रात्रभर उशाशी ठेवायची वस्तू नव्हे, असं या सगळ्या जागा मला सांगतात.

अरण्यात देवानं इस्राएलांना रोज दिलेल्या अन्नाची, मान्नाची गोष्ट याच जातीची. माणशी एक ओमर (एक माप), रोजचं रोज गोळा करायचं. ज्यांनी सकाळपर्यंत राखून ठेवलं त्यांच्या भांड्यात किडे पडले आणि घाण सुटली. शब्बाथासाठी, म्हणजे विश्रांतीच्या दिवसासाठी, सहाव्या दिवशी दुप्पट गोळा केलेलं मात्र टिकलं, कारण ते सांगितल्याप्रमाणे राखलेलं होतं. म्हणजे दोष साठवण्यात नव्हता, न ऐकण्यात होता.

आता रोज करायचं काय? वर्षात अख्खं बायबल वाचून काढायची पद्धत पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आहे. 1189 अध्याय म्हणजे दिवसाला तीन-चार. ते वाचन चांगलं आहे, शास्त्राची ओळख त्यानंच होते. पण ऐकण्यासाठी म्हणून जे वाचायचं ते याहून फार थोडं असावं. डोंगरावरचं प्रवचन घ्या, मत्तय 5 ते 7. तीन अध्यायांत मिळून 111 ओव्या आहेत. दिवसाला 4 धरल्या तर 28 दिवस लागतात. सुरुवातीच्या ‘धन्य’ म्हणणाऱ्या ओव्या तोडू नयेत, त्या एकाच दिवशी घ्याव्यात. प्रभूची प्रार्थनाही तोडू नये. सकाळी वीस मिनिटं पुरतात, त्यांतली पहिली पाच नुसती मोठ्यानं वाचायला. डोळे ओळीवरून घसरतात, आवाज घसरत नाही. जवळ साधी शंभर पानी वही असावी. डाव्या पानावर ओवी हातानं उतरवायची आणि उजव्या पानावर एकच ओळ लिहायची: आज काय करायचं.

ती ओळ कशी लिहिली यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ‘सर्वांवर प्रेम करीन’ असं लिहिलं तर संध्याकाळी ते झालं की नाही, हे तपासताच येत नाही. ‘संध्याकाळी सहाला वहिनीला फोन करून तब्येत विचारीन’ हे तपासता येतं. ओळीत माणूस हवा, जागा हवी, वेळ हवी. यांतलं एक जरी राहिलं तरी ती ओळ नुसती सदिच्छा होते. दुसरी चूक अशी की आज्ञा वाचताना शेजाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे येतो, ‘हे त्याला अगदी लागू आहे’. असं झालं की वही मिटून पुन्हा मोठ्यानं वाचावं. तिसरी चूक अलीकडची आहे. फोनवर आलेलं रोजचं वचन आपण सकाळी सकाळी चार ग्रुपवर पाठवतो आणि काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. याकोबानं पत्राच्या पहिल्याच अध्यायात आरशात तोंड पाहून लगेच विसरणारा माणूस दाखवला आहे. पाठवणारा माणूस तर आरसाच दुसऱ्याच्या हाती देतो.

एक ओवी जवळून पाहू, कारण तिच्यात बहुतेकांची गाडी अडते. मत्तय 5:23-24. वेदीपाशी अर्पण आणताना आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग येऊन अर्पण करा. शब्द नीट पाहा. ‘तुमच्या मनात’ असं तिथं नाही, ‘भावाच्या मनात’ असं आहे. म्हणून ‘माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही’ हे आपलं नेहमीचं उत्तर इथं चालत नाही. प्रश्न त्याच्या मनाचा आहे आणि उठून जायचं आपल्याला आहे. हे शब्द गालीलात बोलले गेले आणि वेदी होती यरुशलेमेत, शंभर किलोमीटरहून लांब. ऐकणाऱ्यांना काही दिवसांची पायपीट डोळ्यांपुढे दिसली असणार. आपला भाऊ बहुधा त्याच गावात, कधी त्याच बांधाच्या पलीकडे राहतो.

भावाकडे जायचं म्हणजे नेमकं काय करायचं? एकट्यानं जायचं. पाळकसाहेबांना किंवा मामाला बरोबर नेलं तर त्याला वाटतं, हा साक्षीदार घेऊन आला. त्याच्या घरी पाहुणे असताना किंवा सणाच्या दिवशी जाऊ नये, कारण तेव्हा त्याला नाही म्हणायची मोकळीक नसते. मेसेज पाठवू नये, त्यात आवाज नसतो. जे म्हणायचं ते जायच्या आधी एका वाक्यात कागदावर लिहून पाहावं आणि त्यात ‘पण’ आला असेल तर तो खोडावा. ‘विहिरीच्या वाटणीच्या वेळी मी आईसमोर तुला खोटं पाडलं, ते चुकीचं होतं.’ इथं थांबायचं. पुढे ‘पण तूसुद्धा...’ आलं की माफी संपली आणि खटला सुरू झाला. ‘तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर’ हेही नको, त्यात दोष त्याच्या वाटण्यावर जातो. आपण काय केलं त्याचं नाव घ्यावं. नंतर तो बोलेल ते ऐकून घ्यावं, दुरुस्त्या सुचवू नयेत. पैसा किंवा जमीन मध्ये असेल तर त्याच भेटीत हिशेब काढू नये, पण हिशेबाची तारीख ठरवून उठावं. तारीख न ठरवता उठलं तर त्याला वाटतं, हा नुसता मन मोकळं करून गेला.

आणि त्यानं दारच उघडलं नाही तर? रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात ‘तुमच्याकडून होईल तितकं’ अशी मर्यादा घातलेली आहे. जाणं आपल्याकडून होण्यासारखं होतं, ते झालं. मग परत येऊन अर्पण करायचं. पुष्कळ जण हा शेवटचा भाग विसरतात, रुसलेला भाऊ मानेना म्हणून मंडळीतही येईनासे होतात. ओवी त्यांना परत बोलावते.

आज्ञा कशी मोडते हे शिकायला 1 शमुवेलाच्या 15व्या अध्यायाइतकी चांगली जागा नाही. अमालेक्यांचं सगळं नष्ट कर, काही राखू नको, ही आज्ञा घेऊन इस्राएलाचा राजा शौल त्यांच्यावर गेला, लढला, जिंकला. सांगितलेल्यातलं बरंचसं त्यानं केलं. अगाग राजा आणि उत्तम उत्तम मेंढरं-गुरं तेवढी राखली, टाकाऊ होतं ते सगळं नष्ट केलं. नंतर कर्मेलात स्वतःचं स्मारक उभारलं. शमुवेल संदेष्टा भेटताच ‘मी परमेश्वराची आज्ञा पाळली’ असं तो आपणहून म्हणाला, आणि मागे मेंढरं बेंबें करत होती. शमुवेलानं विचारलं, मग हा आवाज कसला? पुढची उत्तरं ओळीनं वाचावीत. मेंढरं लोकांनी आणली. आणली ती यज्ञासाठी. तुझ्याच देवासाठी. मला लोकांची भीती वाटली. आणि अगदी शेवटी, पाप केलं खरं, पण वडीलजनांसमोर माझा मान राख. इतका खोल उतार एका संवादात क्वचितच दिसतो. अर्धवट पाळलेली आज्ञा आधी पूर्ण भासते, मग तिला धार्मिक कारण मिळतं, मग दोष दुसऱ्यावर जातो, आणि पश्चात्तापाच्या वेळीसुद्धा लोक काय म्हणतील हीच काळजी उरते. यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, हे शमुवेलाचं उत्तर आपण फलकावर लिहितो. त्याच्या आधीचं मेंढरांचं ओरडणं फलकावर येत नाही.

ते ओरडणं आजही ऐकू येतं. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही लहान वर्कशॉपमध्ये मशीनशेजारी तपासणीचा कागद लटकलेला असतो. समजा नियम असा आहे की दर तासाला 5 नग मोजायचे आणि माप लिहायचं. आठ तासांचे 40 आकडे. व्यास 25.00, इकडेतिकडे 0.02 चालेल. काम घाईचं असतं, पहिल्या दोन तासांत मोजणी होते, मग राहते, आणि शिफ्ट संपायच्या आधी दहा मिनिटांत उरलेले 30 आकडे एका हातानं भरले जातात. 25.00, 25.01, 24.99, 25.00. खरे वाटावेत म्हणून थोडे वरखाली. कदाचित एकही नग खराब नसेल. पण कागदावरची माणसाची सही खोटी झाली. कलस्सै आणि इफिसच्या पत्रांमध्ये दासांना सांगताना तोंडदेखल्या चाकरीचा उल्लेख आहे. मालकाची नजर असेल तेवढीच चाकरी, तिच्या विरुद्ध प्रभूसाठी जिवेभावे केलेलं काम. रविवारी गळा भरून गायलेलं गीत आणि सोमवारी भरलेला तो कागद एकाच माणसाचे असतात, म्हणून मी हे उदाहरण घेतो.

करायचं एवढंच. जो तास चुकला तो रकाना रिकामा सोडायचा आणि ‘मोजले नाही’ असं लिहायचं. त्यासाठी बोलणी बसतील. दर तासाला मोजणं खरंच जमत नसेल तर सुपरवायझरला आधी सांगायचं, साहेब, दोन तासांनी मोजतो, पण खरं लिहितो, आठवडाभर करून बघा. दानीएलानं बाबेलात हेच केलं. राजाच्या ताटातलं खाणार नाही म्हणून आरडाओरडा केला नाही, कारभाऱ्याला 10 दिवसांची परीक्षा सुचवली. शाकभाजी आणि पाणी द्या, मग तोंडं पडताळून पाहा. आज्ञा पाळणाऱ्यानं समोरच्याची अडचणही ऐकावी, हे दानीएलाच्या पहिल्या अध्यायातून घेण्यासारखं आहे.

पैशाच्या बाबतीत शास्त्र आकड्यापर्यंत उतरतं. फसवून घेतलेलं परत करताना मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, असं लेवीयाचा 6वा अध्याय आणि गणनेचा 5वा अध्याय सांगतात. 5,000 रुपये असतील तर 6,000. येशूला पाहायला झाडावर चढलेला जकातदार जक्कय त्याच्याही पुढे गेला, चौपट परत आणि अर्धी मालमत्ता गरिबांना. हिशेब तो झाडावरून उतरल्यावर लगेच, सगळ्यांदेखत बोलून गेला. ‘प्रभू, मला क्षमा कर’ म्हणणं आणि पैसे खिशातच ठेवणं, हा शौलाचा मार्ग झाला. फ्लॅट घेताना काही रक्कम वरच्यावर रोखीत, कागदावर नाही, अशी मागणी कोणाकडूनही येऊ शकते. तिथं नाही म्हणायचं असेल तर ते टोकन द्यायच्या आधी, पहिल्या भेटीत म्हणावं. नंतर अडकलेल्या पैशाची भीती आज्ञेपेक्षा मोठी होते.

आता द्राक्षं. योहानाचा 15वा अध्याय निफाड-दिंडोरीच्या माणसानं वाचणं वेगळं असतं. फळ देणाऱ्या फाट्याला अधिक फळ यावं म्हणून माळी साफ करतो, हे त्याला उपमा म्हणून समजून घ्यावं लागत नाही. वर्षातून दोनदा त्याच्या हातात कात्री असते. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडीबार छाटणी. खरड छाटणीला काडी जवळजवळ पूर्ण कापतात, बुंध्याशी एखादा डोळा राखून. मांडव उघडा पडतो. नवख्या माणसाला वाटतं, बाग गेली. मग फुटवे येतात, विरळणी होते, सात पानांवर शेंडा मारून सबकेन (बाजूची उपकाडी) काढतात. आणि छाटणीनंतर साधारण 40 ते 70 दिवसांत, काडीवरच्या डोळ्याच्या आत, पुढच्या घडाचं बीज ठरतं. याला सुप्त घडनिर्मिती म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही. त्या दिवसांत पानांची दाटी होऊन डोळ्यांवर ऊन पडलं नाही, ढगाळ हवा राहिली, किंवा नत्र आणि पाणी जास्त होऊन वेल नुसताच माजला, तर डोळ्यात घड तयार होत नाही. हे कळतं ऑक्टोबरात, डोळे तपासणीच्या वेळी किंवा फुटी निघाल्यावर. तेव्हा कितीही खत घाला, जो घड मे-जूनमध्ये तयारच झाला नाही तो फेब्रुवारीत तोडायला मिळत नाही.

मोहाच्या वेळी मी का पडलो, असं माणूस विचारतो तेव्हा तो बहुधा ऑक्टोबरात उभा असतो. उत्तर मागच्या उन्हाळ्यात सापडतं. रोजच्या वीस मिनिटांची जागा दुसऱ्या कशानं तरी घेतली, किंवा सेवा, सभा, कमिटी, कॉयर यांची पालवी इतकी दाट झाली की डोळ्यावर ऊनच पडलं नाही. हिरवा मांडव आणि रिकामे डोळे. मंडळीत फार काम करणाऱ्यांना हा धोका सर्वांत जास्त असतो, हे मला काळजीनं सांगावंसं वाटतं. योहानाच्या त्याच 15व्या अध्यायात येशू शिष्यांना म्हणतो की मी सांगितलेल्या वचनामुळे तुम्ही आता शुद्ध आहात. ग्रीकमध्ये ‘साफ करणं’ आणि ‘शुद्ध’ हे शब्द एकाच मुळाचे आहेत. म्हणजे कात्री वचनाची आहे. ती रोज थोडी थोडी चालते, आणि हिरव्यावरही चालते.

ही गुप्त घडण किती वर्षांनी फळाला येईल सांगता येत नाही. शरणपूर हे नाव आज नाशिककर रस्त्याचं आणि वस्तीचं म्हणून घेतात. 19व्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीनं ती वसाहत उभी केली आणि तिथं गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही शिकली. आसरा आणि स्वतःला वाहून टाकणं, हे दोन्ही अर्थ ‘शरण’ या शब्दात आहेतच. याकोब वेनराईट हा तिथल्या शाळेतला एक मुलगा. मे 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला तेव्हा बरोबरच्यांनी त्याचं हृदय तिथंच झाडाखाली पुरलं. वेनराईटनं अंत्यविधीची उपासना वाचली आणि झाडावर लेख कोरला. मग सगळे तो देह घेऊन सुमारे नऊ महिने चालत किनाऱ्याला आले. एप्रिल 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा वेनराईट तिथं होता. नाशिकच्या वर्गात मुलगा उपासना वाचायला शिकत होता, त्या दिवसांत हे कोणाला दिसणार होतं?

इथं एक सावधानता हवी. देवाची आज्ञा आणि देवाच्या नावानं बोलणाऱ्या माणसाची आज्ञा, या दोन गोष्टी आहेत. ‘देवानं मला सांगितलं की तू अमुक रक्कम दे’, ‘अमुकाशी लग्न कर’ असं कोणी म्हणालं तर वचन उघडून पडताळावं. बिरुया गावातले लोक पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात शोधून पाहत आणि त्याबद्दल प्रेषितांच्या कृत्यांत त्यांची वाखाणणीच आहे. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘आज्ञेत राहा’ म्हणून परत धाडणं हे आज्ञापालन नव्हे. तिला सुरक्षित जागी नेणं, लागेल तर पोलिसांत जाणं, हेच मंडळीचं काम आहे. पेत्रानं पाळकांना धनीपण गाजवू नका असं बजावलं आहे. माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे, हे वाक्य प्रेषितांनी धर्मसभेपुढे उभं राहून उच्चारलं होतं, हेही विसरू नये.

आणि देवाची इच्छा शोधण्याबद्दल थोडं. बदली घ्यावी का, मुलीचं स्थळ कसं आहे, यासाठी उपास-प्रार्थना होतात, त्या व्हाव्यात. पण 1 थेस्सलनीकाकरांस पत्रात ‘ही देवाची इच्छा आहे’ असं उघड म्हटलेल्या जागा आहेत. एक पवित्र राहण्याबद्दल, दुसरी सर्व स्थितीत उपकारस्तुती करण्याबद्दल. लिहून दिलेली इच्छा बाजूला ठेवून न लिहिलेली शोधत बसणं मला पटत नाही.

पडलो तर? त्याच दिवशी उठायचं. कबुलीतही नाव घ्यायचं, ‘मी चुकलो’ असं मोघम नको, ‘कागदावर तीस आकडे खोटे लिहिले’ असं. तारण आज्ञा पाळून मिळत नाही, ते कृपेनं आहे. इफिसकरांच्या पत्रातल्या त्या दोन ओव्या आपल्याला पाठ असतात, पण त्यांच्या पुढच्याच ओवीत आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो असं म्हटलं आहे. ती पाठ नसते. तिन्ही एकत्र पाठ कराव्यात. पुत्रसुद्धा सोसून आज्ञांकितपणा शिकला, असं इब्री लोकांस पत्र म्हणतं. शिकायची गोष्ट आहे म्हटल्यावर चुकांचं पान वहीतून फाडायची गरज नाही. संध्याकाळी उजव्या पानावरची ओळ वाचायची, झाली असेल तर खूण करायची, राहिली असेल आणि अजून हातात असेल तर तेव्हाच करायची. सहाचा फोन नऊला केला तरी तो फोनच असतो. मत्तयाच्या 21व्या अध्यायातला बाप दोन मुलांना ‘आज द्राक्षमळ्यात काम कर’ म्हणतो. पहिला नाही म्हणाला, मग पस्तावून गेला. दुसरा ‘जातो महाराज’ म्हणाला आणि गेला नाही. बापाची इच्छा कोणी पाळली, एवढंच येशूनं विचारलं.

हंगामाच्या सणाला वेदीपुढे धान्याच्या राशी, भोपळे, उसाची कांडी, द्राक्षांच्या पाट्या मांडल्या जातात, नंतर लिलाव होतो. फार सुंदर सण. त्या पाटीतले घड कोणी विरळले, मणी कोणी कात्रीनं मोकळे केले? पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्यांनी, एकराच्या उक्त्या भावावर. टोळी मध्येच दुसऱ्या मळ्यात जाऊ नये म्हणून काही पैसे शेवटपर्यंत अडकवून ठेवायची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. शेतकऱ्याची भीती खोटी नसते, विरळणी चार दिवस लांबली तर घड गच्च होतात. पण याकोबाच्या 5व्या अध्यायात अडकवलेली मजुरीच ओरडते आणि ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी जातं. तिथं ऐकणारा तो आहे. लेवीयाच्या 19व्या अध्यायात तर मळ्यातले गळालेले मणीही वेचू नका, गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा, असं आहे. सरवा हा आपल्या मराठी बायबलातला शब्द याच व्यवहाराचा, रूथ बवाजाच्या शेतात तेच वेचायला गेली होती. सरवा सोडायचा, तर ठरलेली मजुरी आधी द्यायला हवी.

म्हणून पाटी भरण्याआधी वही काढावी. मुकादमाकडे एकरकमी न देता जमेल तिथं ज्याचे त्याच्या हातात द्यावेत, उचल वजा केली असेल तर ती मोठ्यानं वाचून दाखवावी, बायांची मजुरी बायांच्या हातात द्यावी. दिंडोरी रस्त्यावरच्या मळ्यात साडेपाचला रामशेज किल्ल्याच्या अंगाला ऊन उतरतं, टोळीचा टेम्पो बांधाशी येऊन थांबतो, बायका कात्र्या धुऊन पिशवीत घालत असतात. अजून अर्धा तास उजेड असतो, आणि नोटा मोजायला तेवढा पुरतो.